धारोष्ण मंडळाचे अध्यक्ष

"कच्चं दूध घेता का?" डॉ. पूर्णिमा यांनी विचारलं, आणि ज्ञानदेव बेंद्रे वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तीन आठवड्यांच्या तापात, ताठ बसून खोटं बोलले.

"छे! मी? कधीच नाही."

वास्तविक कोथरूडच्या त्या सोसायटीत कच्चं दूध म्हटलं की बेंद्रेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी धारोष्ण मंडळ काढलं होतं. अकरा घरं सभासद, अध्यक्ष स्वतः. दूध लोणी काळभोरच्या एका गोठ्यातून टेम्पोनं येई. दीड तास वाहतुकीत खोळंबलेल्या दुधाला धारोष्ण म्हणायला जी श्रद्धा लागते, ती बेंद्र्यांकडे मुबलक होती. दूध उकळणाऱ्याला ते मारेकरी म्हणत.

खोटं बोलण्याचं कारण समोरच्या खुर्चीत बसलं होतं. दोन महिन्यांपूर्वी याच डॉक्टरीणबाई सोसायटीत आरोग्यावर बोलायला आल्या होत्या. "दूध उकळूनच घ्या," एवढं म्हणायचा अवकाश, बेंद्रे उभे राहिले.

"आमचे आजोबा कच्चं दूध पिऊन ब्याण्णव वर्षं जगले. तुमचे आजोबा किती जगले म्हणालात?"

सभागृह खदखदून हसलं. बाईही हसल्या. त्यांचे आजोबा चाळिशीतच गेले होते, हे बेंद्र्यांना नंतर कळलं.

"टायफॉइड नाही, मलेरिया नाही, डेंग्यू नाही," बाई रिपोर्ट चाळत म्हणाल्या. "दूधही नाही म्हणताय. मग…"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मॅडम, वेळ लागेल का? कालपासून ताप आहे."

तिसऱ्या मजल्यावरची अपेक्षा. सातवा महिना. मंडळाची सभासद, आणि तिला सभासद केलं होतं खुद्द अध्यक्षांनी. बाळाची हाडं लोखंडासारखी होतात, असं सांगून.

"पितो," बेंद्रे टेबलाला म्हणाले. "रोज पेलाभर. ती बाहेरची पोरगीही पिते. माझ्या सांगण्यावरून."

बाईंनी झाडलं असतं तर बेंद्र्यांना परवडलं असतं. त्यांनी नुसती कपाटातून बोटभर लांबीची प्लॅस्टिकची पट्टी काढली, बेंद्र्यांच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला, वर औषधाचे दोन थेंब.

"कोविडच्या वेळी पाहिलीत ना, तशीच. पंधरा मिनिटं. दोन रेघा आल्या तर ब्रुसेलोसिसचा संशय. गाईम्हशींचा आजार, कच्च्या दुधातून माणसात येतो. मग खात्रीसाठी रक्त मोठ्या लॅबला पाठवू."

दुसरी रेघ पंधरा मिनिटं थांबली नाही.

अपेक्षाला आत बोलावलं. सगळं ऐकून ती आधी डॉक्टरांकडे, मग बेंद्र्यांकडे पाहत राहिली.

"काका, रागावू नका हं. मी पहिल्या दिवसापासून उकळूनच घेते."

"उकळून?"

"सगळेच उकळतात. तुमचं घर सोडून दहाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही. तुम्ही जिन्यात दिसलात की आम्ही गॅस बंद करतो."

तरीही बाईंनी तिची तपासणी केली. रेघ एकच आली. बेंद्र्यांनी सुटकेचा श्वास घेतला. अपमान मोठा होता, पण तो निदान त्यांचा एकट्याचा होता.

"म्हणजे खरंच कच्चं पिणारे तुम्ही एकटेच?" बाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"एकटाच," बेंद्रे म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं.

इंदुबाई. त्यांच्याकडे धुणंभांडी करायच्या. रोज सकाळी बेंद्रे पेला त्यांच्या हातात देत आणि तो संपेपर्यंत समोर उभे राहत. "घरी नेते, साहेब," असं त्या दोनदा म्हणाल्या होत्या. घरी नेलं की उकळतील, म्हणून बेंद्र्यांनी नेऊ दिलं नव्हतं. दोन आठवडे त्या कामावर नव्हत्या. ताप आहे, गुडघे धरलेत, असा निरोप आला होता. त्यावर बेंद्र्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'फुकटचं दूध पिऊनही दांड्या!' खाली सतरा हसरे चेहरे.

ते रिक्षा करून इंदुबाईंच्या घरी गेले. इंदुबाई गोधडीत होत्या. त्यांना पाहून धडपडत उठल्या.

"उद्यापासनं येनार व्हते, साहेब. खाडा धरू नका."

"दवाखान्यात चला, इंदुबाई."

"मला काय झालंय?"

"मी झालोय," बेंद्रे म्हणाले.

दवाखान्यात पट्टी टेबलावर ठेवली होती. इंदुबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या, बेंद्र्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे बघत होत्या. दुसरी रेघ आधी फिकट, मग ठळक होत गेली.

"दोघांचं रक्त लॅबला पाठवते, पण गोळ्या आजपासूनच. सहा आठवडे. एकही चुकवायची नाही," बाई म्हणाल्या. "बरं होतं यातून."

"ऐकलंत न्हवं? बरं हुतंय," इंदुबाईंनीच त्यांना धीर दिला. "तुमी काय वाईट मनानं दिलं व्हय? मायेनं द्यायचा."

बेंद्र्यांना आपल्या चपलांखेरीज कुठेही बघता येईना. शेवटी त्यांनी फोन काढला, ग्रुपवरचा तो मेसेज शोधला आणि त्याखाली लिहिलं, 'इंदुबाईंच्या आजाराचं कारण मी आहे. मंडळ बंद.'

मग ते हसऱ्या चेहऱ्यांची वाट पाहत बसले. एकही आला नाही.