मागची गाडी

सुहास कर्णिकला बनशंकरीहून होसकोट्याच्या कारखान्यात पोचायला रोज दीड तास लागायचा. त्या मंगळवारी साडेनऊला मीटिंग होती आणि सव्वाआठ वाजता तो जे. पी. नगरच्या सिग्नलवर तिसऱ्यांदा लाल दिवा बघत बसला होता. मागून सायरन ऐकू आला. रिक्षा, बस, स्कूटर, सगळे कसेबसे बाजूला सरकले. सुहासही सरकला आणि ॲम्ब्युलन्स पुढे जाताच तिच्या मागे लागला.

हे तो पहिल्यांदाच करत नव्हता. त्याच्या मते यात कुणाचं नुकसान नव्हतं, रस्ता तर आधीच मोकळा झालेला असायचा. फक्त मध्ये कुणाला घुसू द्यायचं नाही आणि हेडलाइट लावून ठेवायचे, म्हणजे लोकांना आपण पेशंटचे नातेवाईक वाटतो. असे तीन सिग्नल त्याने पार केले. मग ॲम्ब्युलन्स एकदम डावीकडे एका हॉस्पिटलच्या आवारात वळली. सुहासला सरळ जायचं होतं. पण उजवीकडे बस होती, मागचे हॉर्न वाजवत होते आणि गेटवरचा वॉचमन हात हलवून त्याला आत बोलावत होता. तो आत गेला.

स्ट्रेचरवरून सत्तरीचे एक गृहस्थ घाईघाईने आत नेले गेले. मागून त्यांच्या पत्नी उतरल्या. एका पायात चप्पल नव्हती. त्या थेट सुहासच्या गाडीपाशी आल्या आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. सुहासच्या तोंडून "काय?" निघालं.

"मराठी होय," त्या म्हणाल्या. "बरं झालं. चला."

आत नर्सने सुहासच्या हातात फॉर्म दिला. बाई सांगत गेल्या, तो लिहीत गेला. पेशंट विठोजीराव, पत्नी भागुबाई, छातीत दुखायला लागलं ते सकाळी सातला. लेक म्हैसूरहून निघाली होती. घराच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नरसिंहरावांनीच सुहासला पाठवलं असणार, असं बाईंनी धरलं होतं.

"रस्ताभर मागच्या काचेतून तुमची गाडी दिसत होती," त्या म्हणाल्या. "कुणीतरी आहे बरोबर, म्हणून धीर धरून बसले."

सुहासने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर पवनकुमार सही घ्यायला आला. त्याने सुहासला ओळखलं. तो आवाज न चढवता हिंदीत बोलला. मध्येच एक कुत्रं आडवं आलं होतं आणि करकचून ब्रेक मारायला हवा होता. पण मागे गाडी चिकटलेली असल्यामुळे तो मारता आला नव्हता. कुत्रं वाचलं ते स्वतःच्या हुशारीने. नातेवाइकांनी सावकाश आलं तरी चालतं, एवढं सांगून तो सही घेऊन गेला.

भागुबाई जवळच्याच बाकावर बसून हे ऐकत होत्या. सुहास त्यांच्याशेजारी बसला.

"मला कुणी पाठवलं नाही," तो म्हणाला. "मला ऑफिसला उशीर होत होता. म्हणून तुमच्या मागे आलो."

बाईंनी मांडीवरची पिशवी उचलून त्याच्या शेजारी ठेवली.

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "आता उशीर झालाच आहे, तर स्वल्प वेळ इथं बसा. डॉक्टर आले तर मला हाक मारा. मी तोंड धुऊन येते."

सुहास बसला. मीटिंगमधून चार फोन आले. पाचव्याला त्याने फोन बंद केला. डॉक्टर अकराला आले, रक्तवाहिनीतला ब्लॉक काढला आहे, धोका टळला म्हणाले. भागुबाई तेव्हा रडल्या, आणि काय करावं ते न कळून सुहासने त्यांची पिशवी धरली.

दुपारी एकच्या सुमाराला लेक स्मिता धावत आली. वडिलांना काचेतून बघून ती बाहेर आल्यावर भागुबाईंनी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, सुहाससमोरच, काही न वगळता. सिग्नल, कुत्रं, ऑफिस, सगळं. सुहास उभा राहून ऐकत होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

स्मिताने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग वळून तिने त्याला जेवलात का विचारलं.

तो नाही म्हणाला.

"मग आईलाही घेऊन जा कँटीनला," ती म्हणाली. "मी थांबते इथं."