उखळावर पाय देऊन

फिफी एसिल्फीनं त्या सकाळी जे केलं, ते न्सुआनो गावात माणूस वैऱ्याच्या घरी गेला तरी करत नाही. तो थोरल्या बहिणीच्या अंगणात पायांत बूट ठेवून आला, पुढे सरकवलेल्या स्टुलावर बसला नाही, पाण्याचा वाडगा तोंडाला लावला नाही, आणि ‘काय निरोप आणलास?’ असं तिनं रीतीनं विचारायच्या आत उभ्या उभ्या बातमी ओकून मोकळा झाला.

“आक्का, स्टेडियमची भिंत वाढवतोय. तुझ्या बाजूचीसुद्धा.”

अराबा धुराच्या भट्टीवर मासे उलटत होती. गावातली लहानथोर सगळी तिला एना म्हणत, म्हणजे आईच. तिनं मान वर केली नाही.

“अबा,” तिनं लेकीला हाक मारली, “अंगणात कुणी आलंय का गं? मला तर पाणी प्यायलेलं कुणी दिसत नाही.”

“आई, फिफीमामा आलाय.”

“मामा आला असता तर बसला असता.”

फिफी बसला नाही. स्टेडियमच्या दुरुस्ती समितीचा अध्यक्ष झाल्यापासून तो टाय लावून हिंडे, आणि टाय लावलेला माणूस खाली बसला की टायचं टोक मांडीवर लोळतं, ते त्याला आवडत नसे. त्यात तो आईच्या घराण्याचा कर्ता, आणि न्सुआनोत घराणं आईकडूनच चालतं. लग्न असो की मयत, शेवटचा शब्द त्याचा. तेव्हा बहिणीनं ऐकून घ्यावं अशी त्याची अपेक्षा होती.

“मंत्रीसाहेब येणार उद्घाटनाला. टीव्हीवर दिसणार सगळं. धट्टीकट्टी माणसं बूट गळ्यात अडकवून, तुझ्या उखळावर चढून भिंतीवरून आत उड्या मारतायत, हे बरं दिसतं का?”

“इतकी वर्षं बरं दिसलं.”

“इतकी वर्षं टीव्ही नव्हता. आता भव्य दार बांधतोय. सगळे दारातून जातील.”

एना अराबानं हातातला मासा असा उलटला की त्याचं शेपूट तुटलं.

त्या भिंतीची गोष्ट अशी. मैदानावर पूर्वी गोऱ्या साहेबांचे घोडे पळत. साहेब गेले, घोडे गेले, लीद राहिली, आणि स्वातंत्र्याच्या साली गावानं ठरवलं की इथे स्टेडियम बांधायचं. पुरुषांनी सभा घेतल्या आणि बायकांनी डोक्यावरून दगड वाहिले. अराबाच्या आईच्या टाळूवरचे केस तेव्हा जे गेले ते पुन्हा उगवले नाहीत. भिंत तिच्या घरामागे पोचली तेव्हा ती गवंड्यांसमोर आडवी पडली. भिंत छातीच्या वर गेली तर समुद्राचा वारा अडेल, भट्ट्यांचा धूर घरात शिरेल, आणि पोरं माशांआधी भाजून निघतील. गवंड्यांनी तिला ओलांडायचा प्रयत्न केला. तिनं एकाचा घोटा धरला. भिंत तेवढ्या जागी छातीएवढीच राहिली.

पुढे एका वर्षी पाहुण्या फुटबॉल संघाच्या ड्रायव्हरनं एका म्हाताऱ्या भगताला मुख्य दारात काहीतरी पुरताना पाहिलं. त्या दारातून आत गेलेले पाहुणे सपाटून हरले. आदल्या वर्षी काही न पुरताही ते तसेच हरले होते, पण ते कुणी ध्यानात घेतलं नाही. दारावर करणी झाली, एवढंच देशभर झालं. पुढचा संघ दाराकडे फिरकलाच नाही. तो अराबाच्या अंगणात आला, पालथ्या लाकडी उखळावर पाय देऊन भिंतीवर चढला आणि आत उतरला, आणि जाता जाता दारात आपलंही काहीतरी पुरून गेला. ते कळल्यावर गावच्या संघानं, डॉल्फिन्सनीही, दार सोडलं. तेव्हापासून खेळणारा पाय त्या दारातून आत गेला नव्हता. प्रेक्षक जात. प्रेक्षकांना करणी लागत नाही, ते तसेही हरलेलेच असतात.

अंगणाचे नियम अराबाचे. बूट काढायचे, कारण उखळ फुटकं असलं तरी आईचं. पाणी प्यायचं. नाव सांगायचं, घरचे कसे आहेत ते सांगायचं, मग चढायचं. देशातला एकेक गोलकीपर तिनं अनवाणी पाहिला होता, आणि कुणाच्या टाचेला किती भेगा हे ती भर बाजारात सांगत असे. मासळीबाजारात कुणी घासाघीस करू लागलं की म्हणे, “माझ्या अंगणातून राष्ट्रीय संघाचा कप्तान गेलाय माझी परवानगी मागून. तू कोण?” गिऱ्हाईक पैसे मोजू लागे. आता भिंत वाढली की ती कोण राहणार? मासे भाजणारी एक विधवा. तशा न्सुआनोत प्रत्येक भट्टीमागे एक होती.

भिंत वाढली. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी हात पोचू नये इतकी. वारा अडला, धूर घरात आला, आणि अबा दिवसभर डोळे पुसत बापाची आठवण आल्यासारखी दिसू लागली.

दाराचं काम मात्र अडलं. मिस्त्री आर्हिननं पायासाठी खणलं, तर खाली आतापर्यंत पुरलेलं सगळं निघालं. कुलपं, कवड्या, बोकडाची शिंगं, गोलकीपरचा एक हातमोजा, दगडासारखी झालेली अंडी, अर्धी कवळी, आणि एका रेफरीची शिट्टी, जी रेफरी अजून शोधत होता. हे टाकायचं कुठे? समुद्रात म्हटलं, तर नावाडी वल्ही घेऊन आले. जाळायचं म्हटलं, तर धूर कुणाच्या घरी जाईल यावर भांडण. पुन्हा पुरायचं, तर मग खणलं कशाला? शेवटी फिफीनं समितीची गुप्त बैठक बोलावली. सगळं गाव आलं, उशिरा आलेल्यांनी खुर्च्या मागितल्या. ठरलं ते असं की कमानीवर जे दोन सिमेंटचे डॉल्फिन बसवायचे, त्यांच्या पोटात हे सगळं घालून लिंपून टाकायचं, आणि कुणाला काही सांगायचं नाही.

आर्हिन आतल्या डोंगराकडचा. त्यानं डॉल्फिन कधी पाहिला नव्हता आणि विचारायला लाजला. त्यामुळे कमानीवर दोन गाभण शेळ्या तोंडाला तोंड लावून बसल्या. शेपट्या तेवढ्या माशाच्या.

उद्घाटनाच्या दिवशी प्रेक्षक शेळ्यांखालून आत जाऊन बसले. फिफी दाराबाहेर रिबीन आणि कात्री घेऊन उभा राहिला. दूर उत्तरेच्या टामाले शहरातून आलेल्या सवाना बुल्स संघाची बस दारापाशी थांबली, ड्रायव्हरनं वर पाहिलं, आणि बस मुकाट्यानं वळून एना अराबाच्या अंगणात आली. कप्तान इद्रिसू उतरला, गुडघ्यावर बसून नमस्कार केला.

“एना, घरचे कसे आहेत?”

“काय सांगू बाबा, धुरात दिसतच नाहीत. पण तू इकडे कसा? नवं दार आहे की. शेळ्या आहेत.”

“एना, थट्टा नको. त्या शेळ्यांच्या पोटात काय आहे ते टामालेपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी कुणाची करणी कुणावर, ते तरी कळायचं. आता सगळं कालवून टाकलंय. कुणाला लागायचं हे त्या करणीला तरी कळेल का?”

“मग चढा,” एना अराबा भिंतीकडे हात करून म्हणाली. “उखळ तिथेच आहे.”

खेळाडूंनी भिंतीकडे पाहिलं, उखळाकडे पाहिलं, आणि बूट काढून पाणी मागितलं.

थोड्या वेळानं डॉल्फिन्स आले. ते गावचेच, तरी त्यांनीही नावं सांगितली. मग रेफरी आला.

“माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही,” तो आल्याआल्या म्हणाला.

“मग दारातून जा.”

“माझ्या बायकोचा आहे.”

“ती खेळतेय का आज?”

“ती घरी आहे, एना. मला घरी परत जायचंय.”

रेफरीच्या मागून बँड आला. रुग्णवाहिका आली, तिच्यातला डॉक्टर उतरून उखळाच्या रांगेत उभा राहिला. शेवटी झेंडा लावलेली काळी गाडी आली आणि मंत्रीसाहेब खाली उतरले.

“ड्रायव्हर रस्ता चुकला,” ते म्हणाले.

“गाव लहान आहे,” एना अराबा म्हणाली. “चुकायला मेहनत लागते.”

मंत्री हसले, स्टुलावर बसले, वाडगा दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायले. तिनं विचारलं, “काय निरोप आणलात?” ते म्हणाले, “निरोप चांगलाच आहे, एना. स्टेडियमचं उद्घाटन करायचं म्हणतो.” अबा रडत होती, पण ते धुरामुळे. मंत्र्यांना वाटलं भारावून गेली, त्यांनी तिचं सांत्वन केलं.

आत प्रेक्षक रिकाम्या मैदानाकडे बघून कंटाळले. कुणीतरी वरच्या पायरीवर चढून मागे डोकावलं आणि ओरडलं. बघता बघता सगळं स्टेडियम मैदानाकडे पाठ करून वरच्या पायऱ्यांवर उभं राहिलं आणि एना अराबाच्या अंगणाकडे पाहू लागलं. मंत्र्यांनी दुसऱ्यांदा पाणी घेतलं तेव्हा टाळ्या पडल्या. एका डॉल्फिननं भाजलेला मासा न विचारता उचलला, त्याला सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या.

तेवढ्यात फिफी धापा टाकत आला. कात्री अजून हातात.

“आक्का, सांग यांना दारातून जायला. तुझं ऐकतात हे.”

“सांगते की. तू पुढे हो.”

“मी?”

“डॉल्फिन्सचा गोलकीपर होतास ना? तुझेही पाय खेळलेलेच. तू त्या शेळ्यांखालून आत जाऊन दाखव, मी हे उखळ फोडून भट्टीत घालते. यापुढे माझ्या अंगणातून कोंबडीसुद्धा आत जाणार नाही. मंत्रीसाहेब साक्षीदार.”

सगळी वरात दाराकडे निघाली, बँड पुढे. एना अराबाही चालत होती, पण सगळ्यांच्या मागून, कारण ती एकदा बोलली की फिरवत नसे. गेला तर? आईचं उखळ तिला स्वतःच्या हातानं फोडावं लागणार होतं.

फिफी दारासमोर उभा राहिला. टाय नीट केला. एक पाय उचलला. बँड थांबला. शेळीच्या पोटात काहीतरी खडखडलं. शिट्टी असेल, कवळी असेल, नाहीतर नुसती पाल. फिफीनं पाय होता तिथे परत ठेवला.

“विश्वास नाहीच माझा,” तो म्हणाला. “पण आज गुडघा धरलाय.”

मग उपाय एकच उरला. परत अंगणात येऊन फिफीनं मिस्त्री आर्हिनला घण आणायला सांगितला. आर्हिननं भिंतीत खाली माणूस जाईल एवढं मोठं भगदाड पाडलं. भिंत पडायला इतकी उत्सुक होती की त्याला दमही लागला नाही. खेळाडू पुढे आले, थबकले.

“हे तर दार झालं,” इद्रिसू म्हणाला.

“भगदाड आहे ते,” फिफी ओरडला.

“ज्यातून चालत आत जाता येतं ते दार. तुम्ही विटांचं बांधा नाहीतर हवेचं.”

रेफरीनं मान डोलावली. डॉक्टरचंही तेच मत पडलं. म्हणून आधी भगदाड परत लिंपलं गेलं, आणि मग वरून, ओळीमागून ओळ, भिंत छातीएवढी होईपर्यंत उतरवली. सिमेंटचा धुरळा माशांवर बसला, त्याची कुणी पर्वा केली नाही. समुद्राचा वारा आत आला. भट्टीचा धूर एकदम उचलला गेला आणि पायऱ्यांवरच्या प्रेक्षकांच्या तोंडावर गेला. ते खोकत खोकत टाळ्या वाजवत राहिले.

एना अराबानं उखळ दोन्ही हातांनी भिंतीशी पुन्हा पालथं घातलं, पदरासारखं खांद्यावरचं कापड सावरलं, आणि बाजूला उभी राहिली. मंत्र्यांनी दोन भट्ट्यांमध्ये ताणलेली रिबीन कापली आणि अनवाणी चढले. त्यांच्या टाचा तिनं बघून ठेवल्या. मग दोन्ही संघ, रेफरी, डॉक्टर. बँडमधला मोठा ढोल वरून देताना घरंगळला, तो आत जाऊन वाजत राहिला.

सगळ्यात शेवटी फिफी. बूट काढून चढला तेव्हा एक पाय पलीकडे गेला, दुसरा अलीकडे राहिला, आणि पँट मधोमध टरकली. पुढे सरकला तर स्टेडियमला दिसणार, मागे सरकला तर बहिणीला. आत शिट्टी झाली, सामना सुरू झाला.

“आक्का, हात दे ना.”

एना अराबा कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

“देते. पण आधी ऐक, फिफी. घाबरलास त्याचं काही नाही, घाबरट तर मंत्रीही आहे. पण तो घाबरला आणि इथे येऊन पाणी प्यायला. तू घाबरलास, वर टाय बांधलास, आणि दुसऱ्यांना दारात ढकलायला निघालास. असा माणूस समितीला चालतो, आईच्या घराण्याला नाही चालत. आजपासून घरात लग्न असो, मयत असो, वाटणी असो, तू स्टुलावर बसायचं आणि ऐकायचं. बोलणार मी. कबूल असेल तर उतर माझ्या बाजूला. नसेल तर मार उडी तिकडे. तिकडे टीव्ही आहे.”