बागांचे पाणी पोटात घेऊन

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे आणि माझे झाकण उघडत नाही. हसू नका, त्याचीच तर हकिगत सांगायची आहे.

निपाणीच्या एका तांबटाने मला घडवले. झाकणाला त्याने असे आटे पाडले की उलटे धरले तरी माझ्यातून थेंब सांडत नसे. कृष्णाबाईंच्या रुखवतात मी मिरवलो आणि त्यांच्याबरोबर बंगळूरला, बसवनगुडीत आलो. रोज सकाळी त्या मला पिशवीत घालून लालबागेत नेत. पुढे त्यांची दृष्टी गेली. लालबाग सुटली आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

१९५८ साली त्यांचा मुलगा श्रीकांत वर्षभरासाठी विलायतेला निघाला, बरोबर सून वसुमती. तो कारखान्यात इंजिनिअर होता. निघताना कृष्णाबाईंनी मला त्याच्या हातात दिले.

"येताना बोट थांबेल तिथल्या बागा बघून या. प्रत्येक बागेतलं स्वल्प पाणी यात आण. डोळ्यांना लावीन, मग मावंदं घालू."

"आई, मावंदं काशीहून गंगा आणल्यावर घालतात."

"मला काशी कुठली आणि काय कुठलं? दिसत नाही, ते हाताला तरी लागू दे."

परतीची बोट नेपल्सला थांबली आणि आम्ही पॉम्पेई पाहिले. ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेलेले आणि पुन्हा उकरून काढलेले ते गाव. मोडक्या घरांच्या चौकांत फुलांचे वाफे नव्याने लावले होते. रस्त्यातल्या हौदाचा दगडी काठ एका जागी खोलगट झिजला होता. पाणी प्यायला वाकणारी माणसे तिथे हात टेकत असत, दोन हजार वर्षांपूर्वी! वसुमतीने आपला तळवा तिथे ठेवला, तो नेमका बसला. पितळेलाही शहारे येतात, हे मला त्या दिवशी कळले. जवळच्या बागेतले पाणी तिने माझ्यात भरले.

पोर्ट सैदला उतरून आम्ही कैरोला गेलो. पिरॅमिडपुढे मी अगदी एवढासा झालो. नाईलकाठच्या बागेतले पाणी घेतले. एडनला डोंगराच्या कुशीत पावसाच्या पाण्यासाठी खोदलेली जुनी टाकी पाहिली. केवढी खोल, आणि आत थेंब नाही. तिथल्या बागेच्या माळ्याने आपल्या रांजणातले ओंजळभर पाणी दिले. त्या ओसाड उन्हात ते देणे मला पिरॅमिडाहून मोठे वाटले.

पुढे समुद्र खवळला. पाणी सांडेल म्हणून श्रीकांतने बोटीवरच्या मिस्त्र्याकडून पाना आणला आणि माझे झाकण करकचून आवळले. हाताने आवळले असते तरी पुरले असते, पण इंजिनिअर ना तो! खाऱ्या हवेने आट्यांत कळंक धरला.

मावंद्याच्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, पाहुणे जमले, आणि झाकण हलेना. गरम पाणी झाले, तेल झाले. समोरचे शिवाप्पा करवत घेऊन आले.

"आई, मीच आवळलं गं," श्रीकांत म्हणाला.

"सरी, असू दे. करवत राहू दे, तांब्या इकडे दे."

कृष्णाबाईंनी मला कानाशी धरून हलवले. पोटातले पाणी डुचमळले.

"यात कुठली बाग आहे, वसू?"

वसुमती सांगू लागली. हौदाच्या काठाशी आल्यावर कृष्णाबाईंनी तिला थांबवले.

"किती झिजला होता दगड?"

वसुमतीने आपला तळवा खोलगट केला आणि सासूचा हात त्यात ठेवला. "एवढा."

कृष्णाबाईंनी बोटांनी तो खळगा चाचपून पाहिला. मग माझे थंडगार पोट त्यांनी दोन्ही डोळ्यांना लावले.

"दिसलं," त्या म्हणाल्या.

आता त्या नाहीत. मी पुन्हा फळीवर आहे आणि बिनकामाचा म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी असे एखादे जुने भांडे असेल. ते मोडीत घालण्याआधी एकदा हातात घ्या, आणि घरातल्या मोठ्यांना त्याची गोष्ट विचारा. मला चिंच लावून घासलेत तर आनंदच होईल. उघडण्याची खटपट मात्र करू नका. फक्त कानाशी धरा आणि हळूच हलवा.