डावी मोटर

आमच्या क्लासच्या दारावर दोन पाट्या आहेत. वरची म्हणते, 'रोबो बनवा, स्वतःच्या हातांनी.' खालची म्हणते, 'परवानगीशिवाय कशालाही हात लावू नये.' दोन्ही आमोद सरांनीच लावल्यात, आणि सदाशिव पेठेत त्यात कुणाला काही खटकत नाही.

मी इथली लॅब सांभाळते. डिग्री नाही. भोसरीच्या एका कारखान्यात बारा वर्षं टीव्हीच्या सर्किटांना सोल्डरचे डाग दिले, तेवढंच माझं इंजिनिअरिंग. लाल वायर लालच्या जागी, काळी काळीच्या जागी, डाग मोहरीएवढा. माझ्या हातचा नग कधी परत आला नाही. मुलं मला श्यामलाताई म्हणतात.

प्रात्यक्षिकाच्या आदल्या दुपारी मुलांना सुट्टी असते आणि मी एकेक रोबो पुढ्यात घेऊन बसते. सुटलेली वायर जोडते, ढिलं चाक कसते, एखादा अख्खाच नव्यानं बांधते. याला आमच्याकडे 'शेवटचा हात' म्हणतात. दुसऱ्या दिवशी मुलं बटण दाबतात, रोबो जमिनीवरच्या काळ्या पट्टीवरून सुरळीत जातो, आईबाबा व्हिडिओ काढतात. मुलांनाही ठाऊक असतं. निम्मी तर मुद्दाम अर्धवट ठेवून जातात.

ऋतुजा तसली नव्हती. नववीतली पोर, वारज्याहून बसनं यायची. वडील नागोराव नांदेडकडचे, आता वारज्यातच एका शेडमध्ये वेल्डिंग करतात. हिचे डाग हरभऱ्याएवढे, ओबडधोबड, पण पक्के. डावी मोटर जळली तर नवी मागितली नाही. जुन्या बाजारातून खेळण्यातली गाडी आणली, फोडली आणि तिची मोटर बसवली.

यंदा एका कंपनीची माणसं बघायला येणार होती. बावीस मुलांतली दोन निवडून लोणी काळभोरच्या एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तीन वर्षं शिकवणार होती.

"ताई, तिथं लेथ मशीन आहे," ऋतुजा मला म्हणाली. बाकीच्या मुली गोव्याबद्दल बोलतात तशी. आणि जाताना, "माझ्याला हात लावायचा नाही हं."

"नाही लावत, बाई. तुझा तू बघ."

त्या दुपारी एकवीस रोबो झाले. तिचा कडेला होता. मी फक्त बघितलं. डाव्या मोटरच्या वायरी उलट्या होत्या, लालच्या जागी काळी. वाटलं, पोरीनं घाई केली. उद्या सगळ्यांसमोर फजिती नको. दोन डाग काढले, दोन दिले. बॅटऱ्या चार्जिंगला होत्या, त्यामुळे चालवून बघितला नाही. खरं सांगायचं तर बघायची गरजच वाटली नाही. तिचं भलं केलं या समाधानात मी चहा टाकला.

ती खेळण्यातली मोटर मुळात उलटी फिरणारी होती. ऋतुजानं ते आधीच ताडून वायरी उलट्या जोडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिनं बटण दाबलं. उजवं चाक पुढे, डावं मागे. रोबो पट्टीच्या टोकावर जागच्या जागी गरगरत राहिला. मागे कुणीतरी हसलं. नियम एकच फेरीचा. कंपनीच्या बाई तशा प्रेमळ होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं असेल, सांगता येईल?"

ऋतुजानं रोबो उलटा धरला. तिथं मोहरीएवढे दोन डाग चमकत होते. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हातातली यादी सरळ करत उभी राहिले.

"डाव्या मोटरच्या वायरी उलट झाल्या," ती म्हणाली.

"कुणी जोडल्या?"

"मीच."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. निवडलेल्या दोघांपैकी एकाचा रोबो मी चाकांपासून बांधला होता.

नागोराव जिन्यात भेटले. धुतलेला शर्ट, हातात टोपी. "जाऊ द्या मॅडम," तेच मला म्हणाले. "मला वाटलं होतं, हिच्या हातात काही तरी हाय. नसल तर नसल. घरी भाऊ म्हणतोच हाय, पोरीला कॉमर्सला घाला."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "सांभाळून जा."

सोमवारी मात्र आमोद सरांना सगळं सांगितलं. "कंपनीला कळवा," मी म्हणाले. त्यांनी लॅपटॉप मिटला.

"श्यामलाताई, आपण नक्की काय कळवायचं? की बावीसपैकी एकवीस रोबो तुम्ही चालते केलेत आणि एकच बंद पाडलात, तो खरा होता?"

"हो. तसंच झालंय."

"छान. आणि मंगळवारपासून आपण दोघं काय करायचं?"

कळवलं कुणीच नाही, मीही नाही. कंपनीच्या बाईंचा नंबर यादीवर होता, तो मी दोनदा फिरवला आणि दोन्ही वेळा रिंग व्हायच्या आत बंद केला.

ऋतुजाला त्या आठवड्यात वेगळं घेऊन सांगितलं, "ते मी केलं गं."

"माहितीये. डाग तुमचे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिथंच होतात की, ताई."

पुढच्या महिन्यात यांत्रिक हाताचं किट आलं. ऋतुजा वेळेवर आली. पाकीट फोडून सगळे भाग टेबलावर ओळीनं मांडले आणि मांडीवर हात ठेवून बसली.

"सुरू कर की," मी म्हणाले.

"तुम्ही जोडा. कुठलं बटण दाबायचं तेवढं सांगा."

टोमणा असता तर बरं वाटलं असतं. तिचा आवाज अगदी साधा होता, वर्गातल्या इतर मुलांसारखा.

मी खुर्ची ओढून जोडायला घेतलं. ती मधूनमधून घड्याळ बघत होती. सव्वासहाची बस चुकली की पुढची फार उशिरा असते.