हद्दीचा रस्ता

रोज येणारं माणूस घरी यायचं थांबलं की आपण आधी माणसांवरच संशय घेतो. कोण काय बोललं, कुणाचा आवाज चढला, कुणी तोंड वाकडं केलं, याची उजळणी सुरू होते. बाहेरचं काही कारण असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. वाहतूक अभियंत्याच्या घरी त्या आठवड्यात हेच चाललं होतं.

"मीच मूर्ख," त्याची बायको कणीक मळता मळता म्हणाली. "त्या दिवशी सहज म्हटलं, आई, तुम्ही आणलेल्या भाजीत मीठ जरा पुढे गेलंय. तेच मनाला लागलं असणार."

"आई मिठावरून रुसणारी नाही," तो म्हणाला. पण आतून तोही चाचपडत होता. 'एकटी कशाला राहतेस, इकडेच ये ना कायमची,' असं तो आईला पुन्हा एकदा म्हणाला होता आणि तिने नेहमीसारखं नाक उडवलं होतं. त्याचाच राग धरला असेल का तिने?

"आजी घाबरली असेल," त्यांची छोटी लेक चिमणी म्हणाली. "मी तिला पत्ते चोरताना पकडलं होतं."

आई राहायची रस्त्यापलीकडे, आपल्या दोन खोल्यांत, एकटी आणि हट्टाने. रस्ता ओलांडला की शेजारचं शहर लागायचं. म्हणजे मुलगा एका शहराचा नागरिक, आई दुसऱ्याची. मधला रस्ता अर्धा इकडच्या महापालिकेचा आणि अर्धा तिकडचा. डांबर पडायचं तेही अर्ध्याच रुंदीला. एक बाजू गुळगुळीत झाली की दुसरीवरचे खड्डे जास्तच उठून दिसायचे. लोक त्याला हद्दीचा रस्ता म्हणत आणि दोन्ही शहरं त्याला सावत्र मुलासारखं वागवत.

रोज संध्याकाळी आई हातात पिशवी घेऊन तो रस्ता ओलांडून यायची. नातीबरोबर पत्त्यांचा डाव, सुनेबरोबर गप्पा, मुलाला दोन टोमणे, आणि दिवेलागणीला परत. हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटायचंच नाही. आता ती येत नव्हती. फोनवर कधी गुडघा दुखायचा, कधी शेजारीण बसलेली असायची, कधी डोकं जड असायचं. कारणं एवढी नीट रचलेली होती की त्या नुसत्या सबबी आहेत हे लहान पोरीलाही कळत होतं.

तिकडे ऑफिसात अभियंत्याच्या टेबलावर एक अहवाल सहीची वाट पाहत होता. शहराच्या टोकाला एक मोठं गृहसंकुल उभं राहायचं होतं. वर घरं, खाली दुकानं. तिथे राहायला येणाऱ्यांच्या गाड्या कुठून जातील, कोणत्या चौकात किती गर्दी होईल, हे तपासायचं काम त्याचं. त्याने ते मन लावून केलं होतं. संकुलाचं पुढचं फाटक मोठ्या चौकाकडे उघडत होतं. सगळ्या गाड्या तिथून सोडल्या असत्या तर चौकाचा श्वास कोंडला असता. म्हणून त्याने कागदावर बऱ्याचशा गाड्या मागच्या फाटकातून काढल्या होत्या, हद्दीच्या रस्त्याला लागू दिल्या होत्या.

त्या विभागाची जुनी पद्धत अशी, की शहराची हद्द आली की नकाशा संपायचा. पलीकडचा कागद कोरा. हद्दीपाशी एक बाण काढायचा आणि त्यावर लिहायचं, 'बाहेर'. गाडी एकदा बाहेर गेली की हिशेबातून गेली. त्याच्या आधीच्या साहेबांनी त्याला हेच शिकवलं होतं आणि तोही नव्या लोकांना हेच शिकवत होता. यात लबाडी आहे असं कुणाच्या मनातही नव्हतं. आपलं काम आपल्या हद्दीपुरतं, दुसऱ्याच्या कामात नाक कशाला खुपसायचं, असा साधा सरळ विचार होता. साधे सरळ विचार कधीकधी फार महागात पडतात, ते असे.

त्या संध्याकाळी तो ऑफिसातून निघाला तो थेट आईकडे. रुसवा असेल तर पाया पडू, नाहीतर भांडू, पण आज सोक्षमोक्ष लावायचाच असं ठरवून चालत निघाला. एरवी तो गाडीने जायचा, लांबच्या सिग्नलवरून वळसा घालून. पायी तो या रस्त्याला कित्येक दिवसांत आला नव्हता.

रस्त्याच्या कडेला पोचला आणि थबकला. मालाच्या गाड्या एकीमागून एक धडधडत चालल्या होत्या. मधल्या फटींतून दुचाकीवाले सुसाट. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, समोरच्या कडेला, त्याची आई उभी होती.

हातात पिशवी, केस नीट विंचरलेले, अंगावर बाहेर जायचे चांगले कपडे. तिने एक पाऊल खाली टाकलं. हॉर्न वाजला, तिने ते मागे घेतलं. जरा वेळाने पुन्हा टाकलं. पुन्हा घेतलं. शेजारून एक तरुण धावत रस्ता पार करून गेला, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग ती हळूच वळली आणि घराकडे चालू लागली.

त्याने हाक मारली. ती त्या आवाजात कुठे पोचणार? थोड्याच वेळात त्याचा फोन वाजला.

"अरे, आज नाही जमत यायला," आई म्हणत होती. "गुडघा फार धरलाय. चिमणीला सांग, उद्या नक्की."

"बरं," एवढंच तो म्हणू शकला.

जीव मुठीत धरून त्याने रस्ता ओलांडला आणि आईचं दार वाजवलं. ती अजून चांगल्याच कपड्यांत होती.

"गुडघा दुखतोय ना तुझा?" त्याने विचारलं.

ती आत जाऊन त्याच्यासाठी पाणी घेऊन आली. "पाहिलंस वाटतं," ती म्हणाली.

"रोज येतेस तिथपर्यंत?"

"रोज नाही. एखादा दिवस चुकवते."

"मग मला सांगितलं का नाहीस, आई?"

"काय सांगू?" ती पदराला हात पुसत म्हणाली. "मुलगा रस्त्यांचा साहेब आणि आईला रस्ता ओलांडता येत नाही, हे कुणाला सांगू? आणि रस्त्याचं काही चुकतंय असं मला वाटलंच नाही रे. मला वाटलं, आपलंच वय झालं. आपलेच पाय आता भित्रे झाले."

आपल्या आईने इतके दिवस स्वतःलाच दोष दिला याचं त्याला फार वाईट वाटलं.

"मी रोज येतो तुला न्यायला," तो म्हणाला.

"नको. मी तुमच्याकडे येते ती माझ्या पायांनी येते. मला कुणी पोचवायला लागलं की ते येणं राहत नाही, ते नेणं होतं."

"या एवढ्या गाड्या येतात कुठून?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे तो नवा घाऊक बाजार झालाय ना, त्याच्या. सगळ्या इकडूनच सोडतात."

त्याचं डोकं तापलं. म्हणजे हे शेजारच्या शहराचं काम! दुसऱ्या दिवशी सकाळी तो तावातावाने शेजारच्या महापालिकेत जाऊन धडकला. गंमत अशी की दोन्ही ऑफिसं फार लांब नव्हती, पण याने ते दार आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिथल्या वाहतूक विभागाच्या प्रमुख एक निवृत्तीला आलेल्या बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून बाजाराचा नकाशा काढून टेबलावर पसरला.

नकाशा हद्दीपाशी संपत होता. पलीकडे कागद कोरा. हद्दीजवळ जाडजूड बाण होते आणि त्यांवर लिहिलं होतं, 'पलीकडे'.

अभियंता त्या बाणांकडे पाहत राहिला. त्याचा ताव कुठल्या कुठे गेला.

"तुमच्या बाजूला मोठं संकुल होतंय, पाटी पाहिली मी," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्याचं मागचं फाटक कुठे उघडणार?"

खोटं बोलणं शक्य नव्हतं. त्याने आपल्या पिशवीतला नकाशा काढला. मॅडमनी तो आपल्या नकाशाला कडेला कड लावून ठेवला. इकडचे बाण तिकडे रोखलेले, तिकडचे बाण इकडे रोखलेले, आणि मधे तो एकच रस्ता. एका शहराने आपली गर्दी त्याच्यावर लोटली होती, दुसरं लोटायला निघालं होतं आणि दोन्ही शहरांच्या कागदांवर तो रस्ता रिकामा होता! त्याची आई त्या रिकाम्या रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी होती.

"माझी आई राहते तिथे," तो म्हणाला.

"चूक माझी आधीची," मॅडम म्हणाल्या. "बाजाराच्या वेळी मी तुम्हाला फोन करायला हवा होता. पण खरं सांगू? आपल्या दोघांनाही तसं शिकवलेलंच नाही. घर झाडताना आपण केर शेजारच्या दारात लोटला तर घर स्वच्छ झालं असं कुणी म्हणणार नाही. ऑफिसात मात्र आपण तसंच करतो आणि त्याला अहवाल म्हणतो. गाडीला हद्द कळत नाही हो. ती माणसांना कळते. मग माणसांनीच एकमेकांशी बोलायला नको का?"

"आमचे वरिष्ठ ऐकायचे नाहीत."

"माझेही ऐकणार नाहीत. दोघं मिळून डोकं खाऊ."

अभियंत्याच्या वरिष्ठांनी अपेक्षेप्रमाणे कपाळाला आठ्या घातल्या. "शेजाऱ्याचं दुखणं आपण का विकत घ्यायचं? मागचं फाटक बंद केलं तर आपला चौक तुंबेल. लोक आपल्याच नावाने ओरडतील."

"ओरडतील, साहेब," अभियंता म्हणाला. "पण ते निदान आपल्या दारात येऊन ओरडतील. त्या रस्त्यावरच्या माणसांनी कुणाकडे ओरडायचं? इकडे आली की आपण म्हणतो तिकडे जा, तिकडे गेली की ते म्हणतात इकडे जा." मग त्याने आईबद्दल सांगितलं. शेवटी म्हणाला, "दोन्ही शहरांना मिळून त्या रस्त्याची पाहणी करू द्या. अर्ध्या नकाशावर मी सही करणार नाही. हवं तर दुसऱ्या कुणाची घ्या."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांनाही एक म्हातारी आई असावी, किंवा कधीकाळी असावी. "लवकर उरका," ते पुटपुटले. "आणि त्या मॅडमना सांगा, मोजायला माणसं निम्मी त्यांची."

अशी त्या दोन शहरांची पहिली एकत्र पाहणी सुरू झाली. एकच नकाशा, हद्द फक्त बारीक तुटक रेघेने दाखवलेली. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन्ही महापालिकांची माणसं एकत्र बसली. पहिल्या दिवशी ती एकमेकांशी बोलेनात. नंतर एकाच डब्यातलं खाऊ लागली. गाड्या मोजल्या, पायी ओलांडणारे मोजले. आणि अभियंत्याच्या आग्रहावरून आणखी एक गोष्ट मोजली, जी आजवर कुणी मोजली नव्हती. कडेपर्यंत येऊन न ओलांडता परत गेलेली माणसं.

ती किती निघाली म्हणून सांगू! काठी टेकत येणारे एक आजोबा. बाळाची ढकलगाडी घेतलेली एक बाई. पलीकडच्या मैत्रिणीकडे खेळायला निघालेल्या दोन मुली. सगळे जरा वेळ थांबत, पाहत आणि वळत. त्यांतल्या प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच जमत नाही. मॅडमनी ते सगळं पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

त्यानंतरही भांडणं झालीच. कुणाच्या चौकाने किती सोसायचं यावर दोन्हीकडचे साहेब हमरीतुमरीवर आले. पण आता भांडण एका टेबलावर होतं. अखेर बाजाराच्या गाड्यांना दुसरी वाट ठरली. संकुलाचं मागचं फाटक फक्त पायी माणसांसाठी राहिलं. हद्दीच्या रस्त्यावर पट्टे आले, सिग्नल आला, आणि अगदी मध्यावर थांबायला एक उंच ओटा आला, अर्धा या शहराचा, अर्धा त्या शहराचा. संकुल उभं राहिलं, माणसं राहायला आली आणि अभियंत्याच्या शहराचा मोठा चौक पूर्वीपेक्षा सावकाश चालू लागला. तेवढं सोसायचं ठरलंच होतं.

अशाच एका संध्याकाळी अभियंता त्या चौकात अडकला. मागचा माणूस हॉर्न वाजवून वाजवून कोणाला तरी शिव्या घालत होता. कोणाला, ते याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. घरी पोचला तेव्हा जिना चढतानाच चिमणीचं हसू ऐकू आलं.

आई मधल्या खोलीत ऐसपैस बसली होती. पिशवी शेजारी, पाय सैल सोडलेले. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"किती हा उशीर?" ती म्हणाली. "मी म्हातारी चालत कधीची येऊन बसले. तुमच्या शहरात वाहतुकीकडे बघायला कुणी माणूस नाही का?"

बायको तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. तो आईच्या शेजारी जाऊन बसला आणि कितीतरी वेळ तिथून उठला नाही.

मित्रांनो, आपलं शहर, आपली गल्ली, आपलं दार नीटनेटकं ठेवायला हवंच. पण आपली अडचण हद्दीपलीकडे लोटली म्हणून ती संपत नाही. ती तिथे कुणाच्या तरी आईच्या वाटेत जाऊन उभी राहते. म्हणून काही नवं उभारताना शेजाऱ्याचं दार आधी वाजवावं, आणि नकाशा दोघांनी मिळून काढावा.