नापाससाहेब बेटावर जातात

गावात त्यांना नापाससाहेब म्हणत. गाडी चालवायचा परवाना मागायला येणाऱ्यांची परीक्षा घेण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात निम्म्या गावाला त्यांनी एकदा तरी हात हलवत परत पाठवलं होतं. न्हावी तीनदा नापास झालेला, म्हणून तो त्यांची दाढी करताना एक शब्द बोलत नसे. दातांच्या डॉक्टरीणबाई दोनदा. त्यामुळे दाढ ठणकू लागली तरी साहेब आठ-आठ दिवस अंगावर काढत.

निवृत्तीनंतर ते महिनाभर घरी बसले. त्यांच्या बायकोने पंचवीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला होता, सगळे तिला बाईच म्हणत, आणि कात्री कुठे ठेवायची हे तिला आजवर कोणी शिकवलं नव्हतं. आता साहेब शिकवू लागले. ती ओट्याशी वळली की मागून आवाज यायचा, "वळण्याआधी मागे बघितलं नाहीस." एकतिसाव्या दिवशी तिने त्यांच्यापुढे बुटांचा खोका आदळला.

"अहो, उद्यापासून डोंगर चढायचे. तिकडे काय बघायचं ते बघा, मागे आणि पुढे."

नवल म्हणजे साहेबांना डोंगर मानवले. गुडघे कुरकुरायचे थांबले, झोप लागू लागली. फक्त वही काही सुटली नाही. शिखरावर पोचले की दगडावर बसून ते लिहीत, 'वाट अरुंद. पाटी वळणाच्या नंतर. वर टेकायची सोय नाही. दहापैकी चार.' वर्षभरात त्यांनी सहा डोंगर नापास केले.

"बरं आहे, डोंगराला पुन्हा अर्ज करावा लागत नाही," बाई म्हणायची. ती वाटेत भेटेल त्याच्याशी गप्पा मारत चालायची आणि तरीही त्यांच्या आधी वर पोचायची, हे साहेबांना अजिबात आवडत नसे.

सातव्या खेपेला तिने बेट काढलं. किनाऱ्यापासून दीड तासावर एक छोटं बेट होतं. त्यावर एकच टेकडी, टेकडीवर बंद पडलेलं दीपगृह. सकाळी नऊला होडी जायची आणि तीच चारला परत यायची.

होडीत ते दोघं आणि कांद्याची दोन पोती, बस. होडीवाला चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, हसरा. पहिली मोठी लाट समोर आली तसा साहेबांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि ब्रेक दाबावा तसा फळीवर जोरात दाबला गेला. होडीवाला दचकला. दुसरी लाट आली, पाय पुन्हा दाबला गेला. तिसऱ्या लाटेला होडीवाल्याने इंजिनच मंद केलं.

"साहेब, तुम्ही परवान्याचे साहेब ना?"

"होतो. का?"

"पाय ओळखला. सात वेळा बघितलाय हा पाय."

साहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. काही आठवेना. एकतीस वर्षांत चेहरे थोडेच लक्षात राहतात? मान वळवली की नाही तेवढंच त्यांनी पाहिलेलं.

"सात वेळा?" बाईने डोळे मोठे केले. "मग पुढे काय केलंस रे बाबा?"

"काय करणार मावशी? होडी घेतली." होडीवाला खळखळून हसला. हसला खरा, पण बेटाच्या धक्क्यावर त्यांना उतरवताना त्याने बोट वर करून सांगितलं, "चार म्हणजे चार हं, साहेब. एकदा मी एक मिनिट उशिरा आलो होतो, तेव्हा तुम्ही माझा कागद घेतलासुद्धा नव्हता."

"योग्यच केलं," साहेब म्हणाले.

चढण सोपी निघाली. दीपगृहाच्या पायरीवर बसून दोघांनी उकडलेली अंडी खाल्ली, आणि चहूकडे पसरलेलं पाणी बघून साहेबांनी चक्क साडेसहा गुण दिले. भांडण झालं ते उतरताना. दुसऱ्या बाजूने उतरायचं ठरलं, आणि तिकडे वाटेला दोन फाटे फुटत होते. नकाशा म्हणत होता डावीकडे. बाई म्हणत होती उजवीकडे, कारण उजवीकडे जमिनीवर शेळ्यांच्या लेंड्या होत्या.

"शेळ्या उतरतात तिथून माणूस उतरतो," ती म्हणाली.

"शेळ्यांकडे नकाशा नसतो."

"म्हणूनच त्या हरवत नाहीत."

साहेबांनी नकाशाची घडी केली आणि ते ताठ मानेने डावीकडे गेले. बाई उजवीकडे गेली. तिने हाक मारली नाही आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

नकाशातली वाट पाव तास छान चालली आणि मग एकाएकी संपली. पुढचा कडा कधीतरी ढासळून समुद्रात गेला होता, आणि नकाशा छापणाऱ्यांना हे कोणी कळवलं नव्हतं. साहेब मागे फिरले. घाईत त्यांनी तिरक्या उतारावरून जवळची वाट काढली. पायाखालची खडी सरकली, आणि मग चालायचा प्रश्नच उरला नाही. ते बसल्या बसल्या खाली येऊ लागले. काटेरी झुडपांनी पॅंटचा मागचा भाग ठेवून घेतला, टोपी एका फांदीने काढून घेतली. एका शेळीने बाजूला होऊन त्यांना जाऊ दिलं.

धक्क्यावर पोचले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. होडी धक्क्यापासून वीस-पंचवीस हात आत पाण्यावर डुलत होती. आणि होडीत, थर्मासमधला चहा होडीवाल्याच्या कपात ओतत, त्यांची बायको बसली होती.

"अगं!" साहेब ओरडले.

"अहो, मी सांगितलं त्याला थांबायला," ती तिथूनच ओरडली. "पण तो म्हणतो नियम म्हणजे नियम."

"साहेब, पंधरा दिवसांनी पुन्हा या," होडीवाल्याने तोंडाभोवती हात धरून सांगितलं. "येताना दोन फोटो आणा."

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा परवान्याच्या खिडकीच्या पलीकडची बाजू अनुभवली. ते रागावले, मग त्यांनी कडा ढासळल्याचं कारण दिलं, मग होडीवाल्याचं घड्याळ पुढे असल्याचं. आपण असली कारणं कितीदा ऐकली आहेत हे लक्षात आलं तेव्हा ते फाटकी बाजू समुद्राकडे येणार नाही अशा बेताने उभे राहिले. बाईला आता मात्र राहवेना. तिने होडीवाल्याच्या हातातला कप काढून घेतला. "पुरे रे. म्हातारा माणूस आहे."

होडी धक्क्याला आली. साहेब चढले. पण होडीवाला सुकाणूपासून उठून बाजूला बसला.

"एकदा फिरवून आणा आणि धक्क्याला लावून दाखवा. मग निघू."

"मी? मला होडी येत नाही."

"मला तरी गाडी कुठे येत होती? घरी गाडी तुम्हीच चालवता ना?"

साहेबांनी समुद्राकडे पाहिलं. बाईने उत्तर दिलं. "मी चालवते. हे शेजारी बसतात. अठरा वर्षं झाली."

"मावशी, तुम्ही कितव्या वेळी पास झालात?"

"पहिल्याच. माझी परीक्षा ह्यांनी नव्हती ना घेतली."

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते, एवढं होडीवाल्याने सांगितलं. साहेबांना ते लगेच कळलं, पण हातांना कळेना. पहिल्या खेपेला होडी धक्क्याला लांबूनच नमस्कार करून पुढे गेली. दुसऱ्या खेपेला धक्क्यावर बांधलेल्या टायरवर अशी आदळली की कांद्याच्या रिकाम्या पोत्यावर बसलेली बाई आडवी झाली. होडीवाल्याचा उजवा पाय फळीवर दाबला गेला. तिसऱ्या खेपेला साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत गेला, आणि डोळे पुसायला त्यांनी दांडा सोडला. होडी शांतपणे वळली आणि शेजारच्या वाळूवर जाऊन बसली.

होडीवाल्याने खाली वाकून पाणी पाहिलं. त्याचं हसू मावळलं. "ओहोटी लागली. आता सकाळपर्यंत ही हलत नाही."

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे सगळेच नापास."

होडीवाल्याची आई बेटावरच राहत होती. ठेंगणी, कानाने जरा मंद, पण चुलीपुढे चपळ. तिने तिघांना दारात बघून काही विचारलं नाही, साहेबांची पॅंट बघून मात्र आत जाऊन सुईदोरा आणला. तो बाईने घेतला. साहेब म्हातारीची चादर गुंडाळून जेवायला बसले. गरम बटाट्यांची वाफ तोंडावर घेत त्यांनी हळूच विचारलं, "सातव्या वेळी काय चुकलं होतं तुझं?"

"काहीच नाही. मला अख्खा रस्ता पाठ झाला होता. गाडी मागे घेताना दोन खांबांच्या बरोबर मधोमध लावली. तुम्ही उतरून मोजलंतसुद्धा." होडीवाल्याने मीठ पुढे सरकवलं. "आणि कागदावर लिहिलंत, 'आत्मविश्वास जास्त.'"

साहेबांचा घास हातातच राहिला. चेहरा आठवला नाही, पण ते दोन शब्द आठवले. त्या दिवशी दाढ ठणकत होती हेही आठवलं. बाई टाका घालता घालता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"ते चूक होतं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला की म्हातारीने कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हणतात?"

"चूक झाली म्हणतात, आई," होडीवाला तिच्या कानाशी ओरडला.

"मग भात घ्या म्हणावं अजून," म्हातारी म्हणाली.

साहेबांनी परवान्यासाठी स्वतः कार्यालयात येऊन शब्द टाकायची तयारी दाखवली. होडीवाल्याने हात जोडले. "आता गाडी घेऊन जाऊ कुठे, साहेब? बेटावर रस्ता नाही."

सकाळी भरती आली. होडी हलली आणि बाई काही न विचारता सुकाणूशी जाऊन बसली. धक्क्याला एक फेरी मारून तिने होडी अशी अलगद आणून लावली की टायरसुद्धा हलला नाही. होडीवाल्याने शीळ घातली. साहेबांनी वही काढली नाही. "छान," एवढंच म्हणाले, आणि लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या बाईला ते ऐकून ठसकाच लागला.

निघायच्या वेळी म्हातारी धावत आली. हातात फडक्यात बांधलेलं पितळी भांडं होतं. "तुम्ही फिरणारी माणसं. पलीकडच्या बेटावर माझी बहीण राहते. हे भांडं तिचं आहे, तिला द्या आणि सांगा, मी काही ठेवून घेतलेलं नाही."

पुढच्या आठवड्यात दोघं त्या बेटावर गेले. तिथली टेकडी दुप्पट उंच होती आणि बहिणीचं घर नेमकं माथ्यावर. बहिणीने भांडं उलटंसुलटं करून पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "हे माझं नाहीच. माझ्या भांड्याला झाकण होतं. जा, विचारा तिला झाकण कुठाय!"

साहेबांनी भांडं पाठीवरच्या पिशवीत नीट बसवलं आणि बायकोला विचारलं, "अगं, परत जायची होडी किती वाजता आहे?"