अबोला आणि उडी

माझ्या थोरल्या लेकीनं दुसरं लग्न केलं, त्याच वर्षीच्या थंडीत आमची बॅले कंपनी छोट्या नाचांची संध्याकाळ घेऊन गावोगाव फिरत होती. लग्नाला मी सकाळी गेले आणि संध्याकाळी परत आले. लेक अजून ते काढते. पण कंपनीत कपडेवाली मी एकटी, आणि एका संध्याकाळी चार नाच म्हणजे काय, ते कपडेवालीलाच कळतं.

एकच मोठी गोष्ट नाचायची असली की बरं असतं. राजकन्या एकदा राजकन्या झाली की शेवटपर्यंत राजकन्या. पण दादाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या, डोक्यात आलं की लोकांना हल्ली लांबलचक काही बघवत नाही, त्यांना थोडं थोडं चार तऱ्हेचं द्यावं. कंपनी त्याची, नाच बसवणारा तो, त्याला कोण बोलणार? पहिला नाच पांढऱ्या जाळीच्या झग्यांचा. दुसरा शिडीवर चढणाऱ्या पुरुषांचा. तिसरा काळ्या कपड्यांतला, त्यात सगळे बराच वेळ जमिनीवर लोळतात. आणि शेवटचा दादा आणि वहिनी या दोघांचाच. एक ना धड, भाराभर चिंध्या. पांढऱ्या झग्यांतल्या मुली घामाघूम होऊन आत येणार, त्यांचे हूक मी सोडणार, त्यांनाच काळ्यात कोंबणार आणि लोळून आल्यावर त्या काळ्याला चिकटलेली स्टेजची धूळही मीच झटकणार.

तेही चाललं असतं. पण दादा आणि वहिनी एकमेकांशी बोलत नव्हते.

याला दोन वर्षं झाली होती. एकदा तालमीत सगळ्यांदेखत दादा वहिनींना म्हणाला, "तू आता नाच थांबव आणि पोरींना शिकव." वहिनी म्हणाल्या, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस." बायको रागानं असं म्हणाली की नवऱ्यानं जरा वेळानं येऊन काहीतरी बोलायचं असतं, हे साऱ्या जगाला माहीत आहे. दादाला नाही. बोलू नकोस म्हटलं, तो बोलला नाही. वहिनी वाट बघत राहिल्या, आणि मग वाट बघावी लागतेय याचाही त्यांना राग आला. जेवायला एका टेबलावर, झोपायला एका खोलीत, रोज संध्याकाळी एकमेकांच्या मिठीत नाचणार, आणि बोलायला मधे मी.

"वन्सं, तुमच्या भावाला सांगा, काल त्याचा हात उशिरा आला."

"चिमे, तिला सांग, हात वेळेवर होता. तीच लवकर आली."

दोघं एकाच खोलीत. मधे मी, तोंडात टाचण्या.

"ऐकलंत की दोघांनी," मी टाचण्या सांभाळत म्हणायची.

"तरी सांगा तुम्ही," वहिनी म्हणायच्या.

त्यांच्या नाचाच्या शेवटी एक उडी होती. वहिनी कोपऱ्यातून धावत येत, झेप घेत, आणि दादा त्यांना वरच्या वर झेलून डोक्याच्याही वर धरत असे. लोक तिकिटं काढत ती त्या उडीसाठी. तिशीत बसवलेली उडी. आता दोघांची मिळून शंभरी उलटली होती, आणि वहिनींचा उजवा खुबा गेला होता. रोज नाचाआधी मी त्यांना रुंद पट्टी आवळून बांधायची, आणि दादाला सांगायचं नाही अशी त्यांनी मला शपथ घातली होती. जगाचे निरोप मी पोचवायचे आणि तेवढा एक पोटात ठेवायचा.

त्या दिवशी आमची बस नव्या थिएटरच्या आवारात थांबली. वहिनी उतरल्या त्या पाठमोऱ्या, दांडी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दादा खाली उभा होता. त्यानं बघितलं.

मी इस्त्रीचं टेबल लावते न लावते तोच तो आला. "चिमे, तिचा खुबा दुखतोय?"

मी इस्त्री झग्यावर टेकवली ती तिथंच राहिली.

"झगा जळतोय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिला सांग, आज उडी नाही. मी हात वर करणार नाही. उडीच्या जागी तिनं नुसतं चालत यावं."

"तूच सांग."

"तिनं बोलू नको म्हटलंय."

मी गेले. वहिनी नाचाच्या बुटांना फिती शिवत बसल्या होत्या. ते काम कुठलीही नाचणारी दुसऱ्याला देत नाही, मलासुद्धा नाही.

"वहिनी, दादा म्हणतोय..."

त्यांनी सुई वर धरली. "आज निरोप नको, वन्सं. मला कंटाळा आलाय. ज्याला बोलायचंय त्यानं यावं."

"फार महत्त्वाचं आहे हो."

"मग तर त्यानं यावंच."

मी परत. "त्या ऐकूनच घेत नाहीत. तू जा."

"मी कसा जाऊ?"

"पायांनी. नाचतोस ना त्यांच्यावर? गेल्यावर तोंड उघडायचं."

दादा आयुष्यात कुठल्या भरलेल्या हॉलला घाबरला नाही. पण त्या दाराकडे त्यानं असं बघितलं की मलाच त्याची कीव आली. "पडदा वर जायची वेळ झाली," असं म्हणून तो सटकला.

मग सुरू झाली आमची छोट्या नाचांची संध्याकाळ. लोकांना ती छान वाटली असेल. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. वहिनी झेप घेतायत, खाली हात नाहीत, आणि त्या त्याच खुब्यावर फळ्यांवर आदळतायत. पांढऱ्यांचे हूक सोडता सोडता मी पुन्हा वहिनींकडे गेले, तर खोलीला आतून कडी. मॅनेजरला म्हटलं, तुम्ही तरी सांगा. तो म्हणाला, "नवराबायकोच्या भांडणात मी पडत नाही. मला नोकरी करायचीय." शिडीवाले आत आले, त्यांतल्या एकाची पँट मागून उसवलेली. ती माझ्याच नशिबी. पुन्हा गेले, तर खोली उघडी आणि वहिनी नाहीत. रोजची पट्टी त्या दिवशी स्वतःच बांधून त्या अंग गरम करायला पलीकडच्या विंगेत गेल्या होत्या. रोज दोघं समोरासमोरच्या बाजूंनी स्टेजवर यायची.

या थिएटरचं आणखी एक. मागचा पडदा भिंतीला अगदी चिकटून लावलेला. मागून माणूस पलीकडे जाऊ शकत नव्हता. बाहेर आवारात जायचं, अख्ख्या इमारतीला वळसा घालायचा आणि दुसऱ्या दारानं आत यायचं. काळे कपडेवाले स्टेजवर लोळत होते तेवढ्यात मी त्या थंडीत, खांद्यावर कुणाचा तरी झगा तसाच टाकून, धापा टाकत पलीकडे पोचले.

वहिनी एक पाय शिडीवर टाकून ताणत होत्या.

"वहिनी, कान बंद करायचे तर करा, मी बोलणार. आज उडी नाही. दादा हात वर करणार नाही. त्यानं तुम्हाला बसमधून उतरताना बघितलंय."

त्यांनी पाय खाली घेतला. "बघितलं?"

"बघितलं."

"आणि मला विचारलं नाही."

"अहो, तुम्हीच तर..."

"मी उडी मारणार."

"तो हात वर करणार नाही म्हणतेय मी."

"ऐकलं."

"आणि पडलात तर?"

"तर निदान, लागलं का, असं तरी विचारेल."

या माणसांपुढे काय बोलावं? मी कपाळावर हात मारून घेतला. तोवर त्यांचं संगीत सुरू झालं आणि वहिनी स्टेजवर गेल्यासुद्धा.

नाचले सुंदर. ते रोजच नाचायचे. तोंडानं ज्यांचं एका शब्दावर पटत नाही, त्यांच्या मनगटांचं असं कसं पटतं, हे मला कधी कळलं नाही. मग ती जागा आली. वहिनी कोपऱ्यात, माझ्यापासून हातभर अंतरावर. दादा मधे उभा, हात खाली सोडलेले, त्या चालत येतील म्हणून वाट बघत. वहिनींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या धावत सुटल्या.

दादानं ते बघितलं. त्याचे हात हलले, अर्धे वर आले आणि थांबले. झेलावं तर खुबा दाबला जाणार, न झेलावं तर आदळणार.

"नको," तो म्हणाला.

मोठ्यानं नाही. पण संगीत तिथं अगदी हळू होतं, आणि बॅलेत कधी कुणी बोलत नाही. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

वहिनी थांबल्या. भरधाव आलेल्या बाईला असं थांबणं उडीपेक्षा कठीण. बूट फळीवर करकरला, त्या त्याच्या छातीशी येऊन थडकल्या आणि त्यानं त्यांना धरलं. बाकीचं संगीत संपेपर्यंत दोघं तशीच बिलगून, जागच्या जागी हळूहळू फिरत राहिली. लोकांना वाटलं, काय हे प्रेम. कुणी तर रुमाल काढला. ती दोघं फिरत माझ्या बाजूला आली की मला ऐकू येत होतं.

"बसमधून पाठमोरी उतरतेस, मला सांगता येत नाही?"

"तुला विचारता येत नाही?"

"तूच म्हणालीस, बोलू नकोस."

"गाढव आहेस तू."

एक फेरी. पुन्हा माझ्याकडे तोंड.

"तेव्हा तालमीत सगळ्यांसमोर मला नाच थांबव म्हणालास."

"चुकलं. एकटीला सांगायला हवं होतं."

"मग सांगायचंस. थांबले असते."

टाळ्या पडल्या, पडदा आला, गेला, आला. दोघं वाकून नमस्कार करत होती आणि ओठ न हलवता भांडत होती. लाइटवाला मला विचारतो, "अक्का, हे कधी बसवलं? मला कुणी सांगितलंच नाही. माझा दिवा चुकला."

नंतर मेकअपच्या खोलीत त्यांनी दार लावून घेतलं. दोन वर्षांचं साठलेलं, ते काय लवकर संपतंय? त्यांचे कपडे अंगावरच, माझी पेटी उघडी, सगळे बसमध्ये जाऊन बसलेले. मॅनेजर येऊन म्हणाला, "त्यांना सांगा, बस थांबलीय."

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "मी आता निरोप नेत नाही." आणि पेटीवर पाय वर घेऊन बसले.

उडी त्या दिवसापासून गेली. वहिनी तो हंगाम संपेपर्यंत नाचल्या, मग खुब्याचं ऑपरेशन केलं आणि पोरींना शिकवू लागल्या. त्यांच्या खोलीतून दोघांचा आवाज दिवसभर ऐकू यायचा. आधीचा अबोला परवडला असं मला कितीदा तरी वाटलं.

दादा त्यानंतर चौथ्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी तालमीच्या हॉलमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेला. वहिनी अजून आहेत.